हीटर नसलेल्या टाकीत कॅटफिश: आधी मे महिन्याचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्रसकडच्या एका गावात विटांच्या भिंतींचं, टिनाच्या छताचं घर. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी. हीटर नाही आणि लावायचाही नाही, कारण लाईनचा भरवसा नाही आणि घरात लहान पोट्टे आहेत. दुकानदाराने कोरीडोरास, एक ‘सकर’ आणि दोन ‘शार्क’ घ्यायला सांगितलं. हे सगळे उष्ण कटिबंधातले कॅटफिश, म्हणजे मिशांचे, गरम पाण्याचे मासे. मग डिसेंबर-जानेवारीत ते तगतील का?

भाऊ, तुमच्या यादीतल्या कोरीडोरासच्या एक-दोन जाती तगतील. सकर तगेल, पण तुमच्या टाकीत मावणार नाही. शार्क आणूच नका, त्याचं कारण पुढे येतं. तुम्ही विचारता थंडीचं, आणि मला काळजी वाटते ती टिनाखालच्या मे महिन्याची. विदर्भात बिनहीटरच्या टाकीतले कॅटफिश मरताना मी जे पाहिलेत, त्यातले बहुतेक एप्रिल ते जूनमध्ये गेलेत. थंडीत मासा सुस्त होतो, खाणं सोडतो, आजारी पडतो, पण तुमच्या हाती चार दिवस तरी राहतात. उन्हाळ्यात दुपारी दोनला लाईन गेली की संध्याकाळपर्यंत खेळ संपलेला असतो.

म्हणून मासा निवडण्याआधी तुमच्या खोलीत टाकीचं पाणी किती तापतं, किती गार होतं ते मोजा. टाकीत पाणी भरा, फिल्टर चालू करा, आणि वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर वर तरंगत ठेवू नका, वाळूलगत टेकवा. कॅटफिश राहतो तळाशी आणि गार पाणीही तळाशीच बसतं. सकाळी उजाडताना एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा आकडा लिहून ठेवा. बाहेरच्या हवामानाचे आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण तो उघड्यावरचा. दारं-खिडक्या लावलेल्या विटांच्या खोलीत, आतल्या भिंतीशी ठेवलेली मोठी टाकी कडाक्याच्या थंडीतही बहुधा १६ ते १९ अंशांत राहते. टिन आणि भिंत यांच्या मधल्या फटी उघड्या असतील, तर मात्र ती १३-१४ पर्यंत उतरू शकते. तुमच्या घरात काय होतं ते तुमचा थर्मामीटरच सांगेल.

तुमची टाकी काठोकाठ भरली तर १०६ लिटर पाणी बसतं. वाळू-दगड वजा जाता ९०-९५ लिटर धरा. हिशेबाला सोपं म्हणून आपण १०० धरू. १०० लिटर पाणी एका अंशाने गार व्हायला त्यातून सुमारे ४१८ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते, म्हणजे १०० वॅटचा हीटर तब्बल ७० मिनिटं जेवढी देतो तेवढी. म्हणूनच मोठी टाकी रात्रभरात फारशी घसरत नाही, आणि टेबलावरचा २० लिटरचा डबा पहाटेपर्यंत खोलीइतकाच गार होतो. हीटर नको असेल तर टाकी मोठी हवी, आणि तुमची त्या मानाने बरी आहे. यापेक्षा लहान टाकीत, हीटरशिवाय, मी कोणालाही कॅटफिश ठेवायला सांगणार नाही.

आता मासे. दुकानात ‘कोरी’ म्हणून जे मिळतं ते एकाच जातीचं नसतं, आणि तुमचं सगळं गणित त्या जातीवरच ठरतं. ठिपके-ठिपके असलेला, राखाडी-हिरवट, तो पेपर्ड कोरी, म्हणजे कोरीडोरास पॅलिएटस. हा दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या भागातला, उरुग्वे-अर्जेंटिनाकडच्या नद्यांतला. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. तिकडे हिवाळा चांगला गार असतो, त्यामुळे १८ ते २३ अंश हे त्याचं सुखाचं पाणी. तुमचा डिसेंबर त्याला मानवेल, पण मे महिन्यात तो आधी कोलमडेल. याच्या उलट स्टर्बाय: गडद अंगावर पांढरे ठिपके आणि छातीचे पर नारिंगी. ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीकडचा हा मासा २४ ते २८ अंशांत खूश असतो, त्याहून थोडं वरही काढतो, पण २० च्या खाली गेला की अंग आखडून बसतो. पांडा कोरी दिसायला गोड, पण तो अँडीजच्या पायथ्याकडच्या थंड पाण्याचा. आपल्या उन्हाळ्यात त्याला आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

मधला राहतो तो ब्राँझ कोरी, कोरीडोरास एनियस. अंगावर हिरवट-तांबूस झाक असते. त्रिनिदादपासून दक्षिणेला फार मोठ्या टापूत तो आढळतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या टाक्यांत वाढल्यामुळे काटकही झाला आहे. २२ ते २६ त्याला आवडतं. हळूहळू उतरलेले १८ तो सोसतो, आणि हवा भरपूर असेल तर काही दिवस ३० सुद्धा. तुमच्या घरासाठी मी हाच घेईन, सहा-सातचा थवा करून. एकट्या-दुकट्याने ठेवला तर तो कोपऱ्यात दडी मारून बसतो. पांढऱ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा ‘व्हाइट कोरी’ दिसला तर तो बहुधा याच ब्राँझचा नाहीतर पेपर्डचा रंगहीन अवतार असतो. दुकानदाराला कोणता ते विचारा, आणि सांगता आलं नाही तर सोडून द्या.

सकर म्हणून आपल्याकडे विकतात तो टेरिगोप्लिक्थिस. दुकानात बोटाएवढा असतो, पुढे ४० सेंटिमीटर आणि त्याहून मोठा होतो. तुमची टाकी ३० सेंटिमीटर रुंद आहे. त्याला तिच्यात वळताही येणार नाही. ‘टाकी साफ ठेवतो’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं आहे. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खरवडतो, पण माशांची विष्ठा खात नाही, आणि स्वतः जेवढी घाण करतो तेवढी बाकी सगळे मिळून करत नाहीत. मोठा झाला की लोक कंटाळून त्याला धरणात नाहीतर तलावात सोडून येतात. तसं करू नका. बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र, बंगालकडे हा मासा नद्या-तलावांत पसरला आहे, आणि त्याच्या काटेरी पाठीने मच्छीमारांची जाळी फाटतात. सकरच हवा असेल तर अँसिस्ट्रस मागा, ज्याला ब्रिसलनोज म्हणतात. तो १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. तुमच्या टाकीत एक पुरे. त्याला चघळायला लाकडाचा तुकडा आणि रात्री काकडीची नाहीतर दोडक्याची फोड द्या. थंडी त्याला ब्राँझ कोरीएवढीच सोसते.

आणि ते ‘शार्क’. तो शार्क नाहीच, पंगास आहे. मेकाँग खोऱ्यातला कॅटफिश, जो आपल्याकडे शेततळ्यांत वाढवतात आणि बाजारात कापून विकतात. मीटरभर वाढणारा आणि घाबरट. दार आपटलं तरी काचेवर धडका घेऊन तोंड फोडून घेतो. तीन फुटांच्या टाकीत त्याला ठेवणं हा त्याचा छळ आहे. ग्लास कॅटफिश, ज्याच्या अंगातून आरपार दिसतं, तोही बिनहीटरच्या टाकीचा मासा नाही. त्याला थंडीही चालत नाही आणि चढउतारही. पोट वर करून पोहणारा सिनोडोंटिस मिळाला तर थंडीपुरता हीटर लागेलच, असं धरून चला.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येतोच: मग गावचाच मासा काहून नाही? अरुणावतीच्या पाण्यात, ओढ्या-नाल्यांत, तिकडे भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कॅटफिश आहेतच. त्यातला पट्ट्यांचा छोटा टेंगरा, काही भागात ज्याला शिंगटी म्हणतात, तो टाकीत चांगला राहतो. मिशा लांब, अंगावर उभी नव्हे तर आडवी पट्टी, रात्री फिरणारा. आपलं हवामान त्याने पिढ्यान्‌पिढ्या काढलेलं आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. तलावात उन्हाळ्यात तो खोल पाण्यात, झाडाच्या मुळांत, चिखलालगत सरकतो. तुमच्या टाकीत सव्वा फुटाच्या खाली जागाच नाही. म्हणजे गावचा मासा झाला तरी मे महिना त्यालाही जड जातो. दुसरं, रात्री तो गप्पी, टेट्रा असे छोटे मासे गिळतो. धरण-तलावांतली मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा विचारून घ्या. अभयारण्याच्या पाण्यातून एकही मासा काढू नका.

सिंघी मात्र नको, विशेषतः पोट्टे असलेल्या घरात. त्याच्या छातीच्या काट्याला विष असतं, आणि टाकीत हात घातल्यावर तो टोचला की मोठा माणूसही कळवळतो. आणि मागूर म्हणून कोणी स्वस्तात मोठी पिल्लं दिली तर ती आफ्रिकन मागूर तर नाहीत ना, ते आधी बघा. त्या जातीच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यातले साठे नष्ट करण्याची मोहीमही झाली.

आता येऊ मूळ दुखण्यावर. उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत टाकीचं पाणी सहज ३४-३५ अंशांवर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्याही आत. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराचा वेग वाढतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो. वरून पुरवठा घटला, खालून मागणी वाढली. त्यात अमोनियाची भर पडते. माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा जो विषारी भाग असतो तो तापमानाबरोबर वाढतो. पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल, आणि आपल्या बोरच्या पाण्याचा तो बहुधा तिथेच घुटमळतो, तर २० अंशांना तो भाग चार टक्क्यांच्या आत असतो आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे जी घाण डिसेंबरमध्ये चालून गेली, तीच मे महिन्यात जवळपास दुप्पट विष होते. आणि ही सगळी घाण साचते तळाशी, कॅटफिशच्या नाकासमोर.

कोरीडोरास अधूनमधून सटकन वर येऊन एक घोट हवा घेतो आणि परत खाली जातो. ते नैसर्गिक आहे. त्याच्या आतड्याचा मागचा भाग हवेतला प्राणवायू शोषतो. हे पाहून घाबरू नका. पण सगळा थवा मिनिटा-मिनिटाला वर पळू लागला, तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही असं समजा आणि हातातलं काम टाकून टाकीकडे या.

उपाय म्हणून लोक बर्फ टाकतात. हिशेब करा. एक लिटर पाण्याची गोठवलेली बाटली १०० लिटर पाण्यात विरघळून सारखी होईपर्यंत ते पाणी जेमतेम एका अंशाने गार करते. तेच एक लिटर पाणी टाकीच्या पृष्ठभागावरून उडून गेलं, तर सहा अंशांच्या जवळपास उष्णता घेऊन जातं. प्रत्यक्षात खोलीची उष्णता परत आत येत राहते, म्हणून सहा मिळत नाहीत, पण तीन-चार अंशांचा फरक नक्की पडतो. माठाचं पाणी गार होतं ते याच न्यायाने. आणि यात आपला कोरडा उन्हाळा आपल्या बाजूने आहे. मुंबईच्या माणसाला हा उपाय आपल्यासारखा लागू पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी सुकी असते की पाणी नुसतं पंख्याच्या वाऱ्यावर ठेवलं तरी थंड होतं.

तेव्हा मार्चच्या अखेरीस टाकीचं काचेचं झाकण काढा आणि त्या जागी प्लास्टिकची बारीक जाळी ताणून बांधा, नाहीतर मासे उड्या मारतात. छोटा टेबल पंखा असा ठेवा की वारा पाण्यावरून आडवा जाईल. स्पंज फिल्टरचे बुडबुडे वाढवा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. टाकीवरचा दिवा दुपारी बंद. ज्या खोलीत कुलर लावता त्याच खोलीत टाकी असेल तर सगळ्यात उत्तम. कुलरची हवा दमट असल्याने पाणी कमी उडतं, पण खोलीच गार राहते, त्यामुळे एकूण सौदा फायद्याचाच. फक्त कुलरच्या टाकीतलं पाणी माशांच्या टाकीत कधी घालू नका. त्यात लोक वासाची औषधं, डासांसाठी केरोसीन, काहीही टाकतात. टिनाखाली आतून थर्मोकोलची नाहीतर बांबूच्या चटईची छत मारता आली, तर माशांबरोबर घरच्यांनाही बरं वाटेल.

पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, हे मात्र लोक विसरतात. रोज दोन-तीन लिटर पाणी उडालं आणि तुम्ही बोरचंच भरत गेलात, तर जूनपर्यंत टाकीचं पाणी इतकं जड होतं की काचेवर पांढरी रेघ चढते आणि कोरीच्या मिशा झडू लागतात. उडालेल्या पाण्याची भर गावातल्या आरओच्या जारच्या पाण्याने करा, आणि दर आठवड्याला जे चौथा हिस्सा पाणी बदलाल ते नेहमीचं वापरा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जे लोक आहेत, त्यांनी बोरचं पाणी टाकीत घालण्याआधी चव तरी घेऊन बघावी. तिथे पावसाळ्यात छतावरचं पाणी ड्रमांत धरून ठेवणं हाच खरा मार्ग. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन जाऊ द्यायचं, मग धरायचं.

बोरच्या पाण्याचा एक मोठा गुण आहे, आणि बिनहीटरवाल्याने तो वापरलाच पाहिजे. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारख्या तापमानाचं असतं, आपल्याकडे साधारण २६ ते २८ अंश. म्हणूनच हिवाळ्यात सकाळी बोर सुरू केली की पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात गार. टाकीचं पाणी बदलायचं ते ताज्या उपसलेल्या पाण्याने. हिवाळ्यात त्याने टाकी जरा वर येते, उन्हाळ्यात खाली. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी उलट वागतं: मे महिन्यात अंगाला चटका देईल इतकं तापतं, जानेवारीत सकाळी बर्फासारखं. ताज्या बोरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून बादलीत अर्धा-पाऊण तास एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा आणि मग सावकाश ओता. एका वेळी दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरत असाल तर टीसीएल पावडरीची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची आठवण ठेवा. पहिल्या पावसानंतर विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत ती हात सैल सोडून टाकतात, आणि क्लोरीनने माशांच्या गलफड्या जळतात. पाणी उघड्या ड्रममध्ये एक दिवस-रात्र एअर स्टोनसकट ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन घाला. वास येत असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

आपल्या भागाची खास गोष्ट म्हणजे फवारणी. कपाशीवर मारायची बरीच कीटकनाशकं, त्यातही सायपरमेथ्रीनच्या घराण्यातली, माशांना अगदी थेंबभर प्रमाणातही मारतात. फवारून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही, आंघोळ करून आला तरी नाही. फवारणीची बादली, मग, नळी टाकीसाठी कधीही वापरू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात मारतो, हे लक्षात असू द्या: घरात डासांची फवारणी झाली, गावात धुराची गाडी आली, तर पंप बंद करून टाकीवर ओलं कापड झाका, अर्ध्या-पाऊण तासाने खोली मोकळी करून पंप परत लावा. मच्छर कॉइल आणि लिक्विडची मशीन टाकीच्या खोलीत नकोच.

हिवाळ्याचं काम त्या मानाने सोपं. टाकीच्या तळाखाली आणि मागे-बाजूला थर्मोकोलचे जाड तुकडे लावा, समोरची काच तेवढी मोकळी ठेवा. झाकण परत बसवा, हवेला बोटभर फट सोडून. रात्री वरून जुनी गोधडी टाका, पण एअर पंपाची नळी दबणार नाही हे बघा. टाकी बाहेरच्या भिंतीशी, खिडकीखाली किंवा फरशीवर ठेवू नका. कडाक्याच्या रात्री लोक गरम पाण्याच्या बाटल्या सोडतात. ६० अंशांच्या पाण्याची लिटरभर बाटली १०० लिटर टाकीला अर्धा अंशही चढवत नाही. चार-पाच बाटल्या संध्याकाळी आणि पहाटे तरंगत ठेवल्या तर पाणी घसरणं थांबतं, एवढाच त्यांचा उपयोग. गरम पाणी थेट ओतू नका.

पाणी २० च्या खाली गेलं की खाणं निम्मं करा, १७ च्या खाली एक दिवसाआड चिमूटभर. थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं आणि घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही मंद होतात. उरलेला दाणा वाळूत सडतो, आणि मासे थंडीने गेले असं समजून आपण थंडीला दोष देतो. दाणा बुडणारा हवा आणि तो दिवे मालवल्यावर टाकायचा.

हीटरबद्दल एकदा स्पष्ट बोलतो. तुमचा थर्मामीटर जानेवारीत रोज सकाळी १५ किंवा त्याखाली दाखवत असेल, तर ब्राँझ कोरीसाठीसुद्धा हीटर लागेल. मग तो २६ वर लावायची गरज नाही. २० वर लावा, म्हणजे तो फक्त पहाटे चालेल. १०० वॅटचा हीटर आठ तास चालला तरी पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते. घरात नीट अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर लावू नका, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायची सवय सगळ्यांना लावा. तुमची पोट्ट्यांची काळजी रास्त आहे.

लाईन गेल्यावर थंडीने मासा मरत नाही, हवेविना मरतो. म्हणून पैसे हीटरवर घालण्याआधी बॅटरीवर आपोआप सुरू होणाऱ्या एअर पंपावर घाला, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरवर एअर पंपाचं पॉइंट काढून घ्या. त्याला तीन-चार वॅटच लागतात. फिल्टर स्पंजचाच ठेवा. बंद डब्याचा मोठा फिल्टर काही तास बंद राहिला की त्यातले जिवाणू गुदमरतात आणि लाईन आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते. काहीच नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून फूटभर वरून ओतत राहा. कंटाळवाणं आहे, पण मासे वाचतात.

तळाला नदीची गोल, बारीक वाळू पसरा, दोन-तीन सेंटिमीटरच. कन्हानची असो की वैनगंगेची, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. क्रशरची चुरी नको, तिच्या धारेने कोरीच्या मिशा झिजतात. दगड घालायचा असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो चुनखडीचा, वणी-कोरपन्याकडे असे भरपूर आहेत, आणि तो पाणी आणखी जड करेल.

थंडीतला नेहमीचा आजार म्हणजे पांढरे ठिपके, मिठाचे दाणे चिकटल्यासारखे. या परजीवीवर औषध चालतं ते तो माशाच्या अंगावरून सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच. २५ अंशांच्या पाण्यात त्याचं चक्र आठवड्याभरात पुरं होतं, १५ च्या आसपास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून गार टाकीत तीन दिवस औषध घालून ठिपके गेले म्हणून थांबलात, तर ते परत येणार. कॅटफिशला मॅलाकाइट ग्रीनची औषधं बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मी द्या, आणि मुठीने मीठ टाकू नका.

खरेदीची वेळही यातच बसते. डिसेंबरमध्ये दुकानातल्या टाकीला हीटर असतो, पाणी २७ अंश. तुमच्या घरी १८. मे महिन्यात एसटीच्या प्रवासातच पिशवीतलं पाणी उकळायला येतं. दुकान आणि घर यांचं पाणी जुळतं ते दिवाळीच्या आसपास किंवा फेब्रुवारीअखेरीस. टाकी आता भरून ठेवा, महिनाभर फिल्टर चालू द्या, म्हणजे त्यात जिवाणू बसतील. आणि दिवाळीआधी सहा ब्राँझ कोरी आणा. सकाळी लवकर दुकान गाठा, पिशवी थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, घरी आल्यावर ती टाकीत तरंगत ठेवून थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात मिसळत तासाभराने मासे सोडा. अँसिस्ट्रस फेब्रुवारीत आणा, तोवर काचेवर त्याच्यापुरतं शेवाळ धरलेलं असेल.

पुढच्या मृगात, पहिला मोठा पाऊस पडून हवा गार झाली की कोरीच्या थव्यात पळापळ सुरू होते. दक्षिण अमेरिकेतही ते पावसाचं गार पाणी आलं की अंडी घालतात. त्या दिवशी टाकीचा तिसरा हिस्सा पाणी दोन-तीन अंश गार पाण्याने बदललंत, तर मादी काचेवर चिकट अंडी लावत जाईल. तीच मंडळी ती खाऊनही टाकतात, म्हणून अंडी दिसली की जुन्या एटीएम कार्डाने अलगद खरवडून टाकीच्याच पाण्याच्या डब्यात घ्या आणि एअर स्टोन सोडा. तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात, आणि पोटाची पिशवी जिरली की त्यांना ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) ताजी पिल्लं लागतात. ब्राइन श्रिंपची अंडी नागपूरहून आधीच मागवून ठेवा.